देव टेकला तो दगड

३ एप्रिल
आज माझी जीभ कुठे गेली होती?
यात्रेकरूंचा घोळका घेऊन डोंगर चढत होतो. तोंडात नेहमीची कथा – दोघा देवभावांचं भांडण झालं, धाकटा रुसून डोंगरावर येऊन बसला, मोठा समजूत काढायला मागोमाग आला, दोघांनी मिठी मारली तिथे झरा फुटला. वळणावर पोचलो तर ही दगडावर बसलेली. तिचं चहाचं दुकान तिथंच. गिऱ्हाईक नसलं की जरा टेकते – गुडघे धरतात.
घोळक्यातली एक बाई खेकसली, "अहो आजी, उठा आधी! देव बसला होता तिथे, आणि तुम्ही खुशाल ठाण मांडताय?"
ही उठली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कथा पुढे चालू ठेवली.

४ एप्रिल
दगड मीच आणलेला. मागच्या थंडीत, हिला बसायला. गवंड्याने नीट बसवून दिला. देव नंतर चिकटवला – तोही मीच. वळणावर माणसं धापा टाकतात, आणि माझी कथा झऱ्यापाशी पोचायच्या आधीच सांगून संपते. एकदा बोलून गेलो, "मोठा भाऊ इथे दम खायला टेकला." लोकांना आवडलं. मग रोज तेच, तिखटमीठ लावून. हल्ली फुलं वाहतात, डोकं टेकवतात. मला बरंच वाटायचं की!
गवंडी भेटला. म्हणतो, "काका, तुमच्या देवाच्या बुडाखाली सिमेंट माझं आहे. एखादं फूल इकडेही वळवा." एरवी हसलो असतो.

५ एप्रिल
ही दिवसभर उभी. म्हटलं, घरून स्टूल नेऊन ठेवतो.
"नको हो. दगडाशेजारी बसले तर म्हणतील, म्हातारी देवाची बरोबरी करते."
रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. साधंच बोलली.

७ एप्रिल
सांगायचं ठरवून गेलो. धीर झाला नाही.

८ एप्रिल
बोललो एकदाचा. वळणावर सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, भावांची कथा वडिलांनी सांगितली तशीच सांगतो, पण ही दगडाची गोष्ट माझ्या पदरची. दगड मी बायकोला बसायला आणलाय. देवाचा काही संबंध नाही.
मग एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "आजोबा, तुम्हाला वाटतं तुम्ही आणलात. आणवून घेणारा तोच."
माना डोलल्या. आज फुलं जास्तच पडली.
ही पाठमोरी, कप विसळत होती. ऐकलं असेल.

१० एप्रिल
सकाळी जरा लवकर वर गेलो. वळणावर चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, आता तरी बसली असेल.
ही दगडापुढे हात जोडून उभी होती. गुडघे बरे कर म्हणत होती.