वैशालीला सांगितलेली डच युक्ती

सोम. ३ जून
सुटलं एकदाचं. दोन महिने डच वाक्यापुढं डोकं आपटत होते, आज फुलंब्रीहून येताना बसमध्येच उलगडलं. साधं वाक्य: इक मिस द बस. मी चुकवते बस. पण आधी 'ओमदात', म्हणजे 'कारण', आलं की क्रियापद मुकाट शेवटी जातं. ओमदात इक द बस मिस. कारण मी बस चुकवते. अगं, हे तर आपलं मराठीच! जोडलेल्या तुकड्यात मराठीसारखं बोलायचं, बास.
सिडकोला उतरल्या उतरल्या वैशालीला सांगितलं. डचच्या क्लासमध्ये मैत्रीण म्हणावी अशी ती एकच. म्हणे, लई भारी, परत सांग. टपरीवर चारदा समजावलं.

शनि. ८
नवीन बॅचला शिकवायला सरांना कुणीतरी पाहिजे. हॉलंडला जाणाऱ्या नर्स पोरी आहेत. गुरुवारी मी नि वै.नं दहा-दहा मिनिटं शिकवून दाखवायचं, एकीला घेणार. अण्णांनी स्पष्टच सांगितलं, ही नोकरी नाय लागली तर पुढच्या महिन्यापासून क्लास बंद, घरी बसायचं. लागंलच. ओमदात आहे ना माझ्याकडं.

गुरु. १३
वै. म्हणाली भीती वाटते, मी आधी जाऊ का. मी व्हय म्हटलं. येडी मी.
तिनं फळ्यावर लिहिलं, ओमदात इक द बस मिस. माझी बस! ही तर क्लासला चालत येते. पुढचंही शब्दन्शब्द माझं, 'हे तर आपलं मराठीच' सुद्धा. सर खूश. माझ्या पाळीला दुसरं काय सुचंना, तेच बोलले.
सर म्हणाले, "हे वैशालीनं आत्ताच सांगितलं ना."
ती वहीत बघत बसली. मान वर नाय केली.

शुक्र. १४
तिलाच घेतलं. अण्णांना काय सांगू? मोरीत जाऊन रडले. तिचा नंबर काढून टाकला. पाठच आहे म्हणा.

गुरु. २०, सकाळ
वै.चा मेसेज. सॉरी नाय, काय नाय. "एका पोरीनं विचारलं, ओमदातनं वाक्य सुरू केलं तर पुढच्या भागात क्रियापद कर्त्याच्या आधी का येतं? अकराला तास आहे, लवकर सांग."
मला येतं. ओमदातचा अख्खा तुकडा पहिली जागा अडवतो, मग लगेच क्रियापद, कर्ता त्याच्यामागं. दोन ओळींचं काम.
दोन उत्तरं टाइप केलीत. एक खरं. दुसरं चुकीचं, असं की भर वर्गात तिचं हसं...
पण त्या नर्स पोरींनी माझं काय घोडं मारलंय? त्यांची परीक्षा आहे.
पावणेअकरा झाले. अजून एकही पाठवलं नाय.