नळाला बांधलेली तार

मी, कुमारी महानंदा गुरुसिद्धप्पा उंबरजे, वय बहात्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर पुष्कळांच्या सांगण्याविरुद्ध लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा धाकटा भाऊ रेवणसिद्ध याला त्याविषयी शंका असल्यास त्याने आधी स्वतःचा दाखला आणावा. २०१६ साली केलेले मृत्युपत्र, ज्यात हे घर त्याला दिले होते, ते मी रद्द करते. कारण खाली येईलच.

कलम १. राहते घर वडिलांनी बक्षीसपत्राने माझ्या एकटीच्या नावे केले आहे. त्यावर हक्क सांगण्यासाठी कोणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत.

१९८८ साली घरात फ्रिज आला. त्याला अर्थिंग हवे म्हणून रेवणसिद्धने एक तार आणून मागच्या नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळली. तो पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. म्हणाला, "अक्का, पाइप जमिनीतच जातो की. आणखी काय पाहिजे?" तेव्हा ते चालून गेले, हे मी मान्य करते. पुढे २०२१ साली गल्लीतली लोखंडी लाइन काढून प्लास्टिकची टाकली. पाणी जोरात येऊ लागले, आम्ही पेढे वाटले. तारेचा जमिनीशी संबंध तुटला आणि त्याच तारेला पुढे जोडलेल्या पाण्याच्या मोटरची गळणारी वीज नळातच राहू लागली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. इंजिनिअरच्याही नाही.

कलम २. दानम्मा अक्कलकोटकडची. एकवीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी मोटर लावावी लागते आणि सगळे धुणे-भांडे त्याच दिवशी निघते. लाइन बदलल्यावर थोड्याच दिवसांत ती म्हणू लागली, "बाई, नळ चावतंय."

मी उठून नळ धरला. काही झाले नाही. "हे बघ. मला कसा चावत नाही?"

"तुमाला कसा चावंल? तुमी घरात चप्पल घालता की."

मला तो टोमणा वाटला. नन्सच्या शाळेत गेल्यापासून मी घरात रबरी स्लिपर घालते आणि त्यावरून जन्मभर बोलणी खाल्ली आहेत. मी म्हणाले, "कामाचा कंटाळा आला असेल तर सरळ सुट्टी माग." रेवणसिद्ध म्हणाला, "अक्का, संधिवात असेल तिला." असे दोन वर्षे चालले. कामाला येणाऱ्यांनी चपला दाराबाहेर काढायच्या हा नियम माझाच. ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून नळ धरत होती आणि मी रबरावर उभी राहून तिला खोटे पाडत होते.

२०२३ च्या मे महिन्यात, पाण्याच्याच दिवशी, माझ्या स्लिपरचा पट्टा तुटला. मोटर चालू होती. मी तशीच अनवाणी मागे गेले आणि नळ धरला. पुढचे मला दानम्माकडून कळले. हात सुटेना, बटण पुढच्या खोलीत, म्हणून तिने लाकडी पाट उचलून माझा हात झोडपला. हात सुटला, मनगट मोडले, पाटाचा एक खिळा वर आला. प्लास्टर घालून घरी आल्यावर मी तिला विचारले, "एवढ्या जोरात मारायचं?"

ती म्हणाली, "दोन वर्साचं हाय त्यात."

मी चौतीस वर्षे ट्रंक कॉल जोडले. अर्ध्या जिल्ह्याचे बोलणे माझ्या कानावरून गेले, आणि घरातल्या एका बाईचे मी ऐकले नाही. हे मी येथे लिहून ठेवते, कारण तिला तोंडाने सांगायला मला जमलेले नाही.

कलम ३. त्यानंतर भीमा वायरमनने नळाची तार तोडली आणि तिचे वेढे असलेला पाइपचा तुकडा कापून काढला. अंगणात आठ फूट खड्डा घेतला, मधोमध पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले आणि घरातल्या सगळ्या तारा त्याला जोडल्या. वीज गळली की आपोआप बंद होणारे स्विचही बसवले. जाताना म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात ह्याला पाणी पाजावं लागतंय. कोरडा पडला की काम करीत न्हाय."

कोळसा आणि मिठाची पोती स्कूटरवरून आणली माझी भाची ऋतुजा हिने. वडिलांना, म्हणजे रेवणसिद्धला, न विचारता. त्याचे म्हणणे, खड्डा बुजवून वर फरशी घालावी, म्हणजे त्याच्या मुलाची, अजिंक्यची, गाडी अंगणात लागेल. मी नाही म्हटले तेव्हा तो हसून म्हणाला, "बरं, तू गेल्यावर बघू." म्हणून मी आताच बघून ठेवत आहे.

कलम ४. घर ऋतुजाला. अटी अशा: खड्डा बुजवू नये. पाण्याच्या दिवशी पहिली बादली त्यात ओतावी, मग स्वतःची टाकी भरावी. वर्षातून एकदा भीमाकडून किंवा त्या कामातल्या माणसाकडून तो तपासून घ्यावा. घरात कोणी काही चावते म्हणाले, तर म्हणणाऱ्याला आधी खुर्ची द्यावी आणि मग तपास करावा.

कलम ५. मागची खोली दानम्माला ती जिवंत असेपर्यंत. पोस्टातली ठेवही तिचीच. तिला या घरातून कोणी उठवू नये. तो पाटही तिला, खिळा न काढता.

कलम ६. अजिंक्यला माझी इंग्रजी पुस्तके. गाडीत बसून वाचावीत.

रेवणसिद्धला वडिलांचे घड्याळ, आणि कापून काढलेला नळाचा पाइप, त्याच्या तारेसकट. तार त्याने मायेने बांधली होती. वेढे अजून घट्ट आहेत. माझ्या मनगटाचा राग मी सोडला आहे. दानम्माच्या दोन वर्षांचा राग सोडणे माझ्या हाती नाही, तो त्याने तिलाच विचारावा.

कलम ७. चपलांचा नियम मी मागे घेतला आहे. दानम्माला नव्या रबरी स्लिपर आणून दिल्या. त्या ती अजूनही दाराबाहेर काढते. रागावले तर म्हणते, "आता नळ चावत न्हाय की. मग कशाला?"

हे घर मी ऋतुजाला नीट स्थितीत देत आहे, याची खात्री मी स्वतः केली आहे. गेल्या पाण्याच्या दिवशी मोटर चालू असताना मी स्लिपर काढल्या, दानम्माशेजारी ओल्या फरशीवर उभी राहिले आणि नळ धरला. ती हातात पाट घेऊन तयार होती. पाणी गार होते.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून दानम्माची सही येथे नाही. ती चहा करत आहे.

सही: महानंदा गु. उंबरजे

साक्षीदार:
१. भीमा सायबण्णा गावडे, वायरमन
२. डॉ. चेतना श्रीधर अष्टेकर, माझे मनगट बसवणाऱ्या

स्थळ: सोलापूर
दिनांक: १४ मार्च २०२५ (पाण्याचा दिवस, खड्ड्यात बादली ओतली आहे)