एका हाताने घालायचे कपडे

४ जानेवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज चढतो आणि माझा रडवेला होतो, म्हणून हे पत्र. कारखाना बंद पडल्याचं तुला कळलंच आहे. तिथे इतकी वर्षं मी फक्त कॉलर जोडल्या, आख्खा शर्ट कधी माझ्या हातून उतरलाच नाही. आता घरातच, एकटीने, आख्खे कपडे शिवायचं ठरवलंय. मशीन खिडकीशी ओढलंय, बेतायला जेवणाचं टेबल. ह्यांनी विचारलं, मग जेवायचं कुठे? म्हटलं, टेम्पोत. नाहीतरी तुमचा संसार तिथेच असतो.

पण हे साधं शिवण नव्हे. खालच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या मास्तरांचा उजवा हात आजारपणात लुळा पडला. बायकोने बटणं लावायची म्हटलं की चिडायचे आणि दिवसभर बनियनवर बसून राहायचे. मी त्यांच्या शर्टाची बटणं वरून दिसायला तशीच ठेवली आणि खाली चपलेला असते तशी चरचरणारी पट्टी लावली. पहिल्या दिवशी ते मोठ्याने हसले आणि सगळा शर्ट उघडला! पट्टी बदलली. आता रोज फिरायला जाताना माझ्या खिडकीशी थांबून कॉलर ताठ करून दाखवतात. अशाच माणसांसाठी शिवावं म्हणते. तुझं मत कळव, पण हळू आवाजात.

लोभ असावा, राग आला तरी तोही चालेल.
तुझी ठकू

१७ जानेवारी

चि. सौ. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हळू आवाजात लिहितो. मास्तरांचं वाचून बरं वाटलं, पण एका मास्तरावर दुकान चालत नाही. तू तापाने पडलीस तर मशीन कोण चालवणार? एकट्या माणसाचा धंदा म्हणजे एका चाकाची गाडी. चार बायका हाताशी घे, नाहीतर सरळ नोकरी बघ. शाळेत तू रुमालावर बदक भरलं होतंस, ते पाहुण्यांना किटली वाटलं होतं, हे विसरू नकोस.

आई म्हणते, ती जन्मताच हट्टी आहे. पण हे सांगताना तिचा चेहरा तक्रारीचा नव्हता, एवढं कळवतो.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

बदकाचा सूड मी कधीतरी घेईनच.

कपड्यांच्या मोठ्या दुकानाचे मालक घरी आले होते. त्यांना माझे शर्ट तीन मापांत, ढिगाने हवेत. जागा देतो, शिवायला बायका देतो, तुम्ही फक्त देखरेख करा म्हणाले. मी नाही म्हटलं. आरडाओरडा करू नकोस, आधी ऐक. कुणाचा खांदा वर जात नाही, कुणाची बोटं मिटत नाहीत. प्रत्येकजण माझ्या खुर्चीत बसून आपलं दुखणं दाखवतो, मग मी कात्री उचलते. तीन मापांत ते कसं बसवू? आणि देखरेख करत हिंडले तर मी पुन्हा कॉलर जोडणारीच होईन.

शिवाय एका मुलीचं काम घेतलंय. जन्मापासून डावा हात कोपरापर्यंतच. तिचं लग्न ठरलंय. आजवर आई नाहीतर मावश्या तिला तयार करत आल्या. लग्नाच्या दिवशी मात्र तिला एकटीने, दार लावून तयार व्हायचंय. मी हो म्हणून बसले, आणि तिला पोशाख हवाय पायघोळ, पाठीला चेन असलेला. काल डावा हात ओढणीने कमरेला बांधून सकाळभर कपडे घालत बसले होते. हे अचानक घरी आले, बघून आल्या पावली बाहेर गेले.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
ठकू

२० मार्च

चि. सौ. ठकूस,
आशीर्वाद.

लक्ष्मी दारात आली आणि तू तिला हात हलवून टाटा केलास! धन्य आहेस. यावर जास्त लिहीत नाही.

दादा

ता. क. मी आज एका हाताने शर्ट घालून पाहिला. तिसऱ्या बटणापर्यंत बस निघून गेली. तुझी वहिनी अजून हसते आहे. त्या मुलीच्या पाठीमागच्या चेनचं काय करणार आहेस?

२ मे

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

चेन पाठीवरून काढून कुशीला आणली, टोकाला मोठी कडी लावली. खांद्यावर एकच मोठा हूक. सरावात तो दोनदा निसटला होता.

काल लग्न झालं. तिने दार आतून लावून घेतलं. बाहेर तिची आई, दोन मावश्या आणि मी. आईने दाराच्या कडीला हात घातला, मी तो धरून ठेवला. आत काहीतरी दाणकन पडलं. मावशी म्हणाली, पुरे झाला हा हट्ट, उघडा दार. दादा, मी दाराला कान लावला. वाटलं, हूक गेला, आणि माझ्यापायी पोरीचा आजचा दिवस गेला.

तेवढ्यात आतून शीळ ऐकू आली. ती पोरगी मजेत शीळ घालत होती! दार उघडलं. आत स्टूल आडवं पडलेलं. पायघोळ पोशाख, चेन वरपर्यंत, केसही नीट. आईला रडू फुटलं, तर ही म्हणते, रडायचं तर पटकन रड, मला उशीर होतोय.

सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी हूक बघितला. पक्का बसला होता.

आज स्वतःचीच पाठ थोपटते आहे. तूही थोपट.
तुझी ठकू

१३ मे

चि. सौ. ठकूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिने शिळेचा भाग पुन्हा वाचायला लावला, मग शेजारणीला बोलावून आणखी एकदा.

ऑफिसच्या कँटीनमध्येही वाचलं. एका सहकाऱ्याच्या वडिलांना असेच कपडे हवेत. तुमची बहीण कधी देईल म्हणाला. मी म्हटलं, वेळ लागेल, ती माणसं ठेवत नाही, प्रत्येक टाका स्वतः घालते. तो म्हणाला, तुम्ही सख्खे भाऊ, जरा शब्द टाका ना. मी म्हटलं, तिच्याकडे वशिला चालत नाही, रांगेत उभे राहा.

हे सांगताना, ठकू, छाती इतकी फुगली की माझ्या शर्टाचं बटण तुटलं. रविवारी ते घेऊन येतो. मीही रांगेतच उभा राहीन.

तुझा दादा