नलू वर्गात होती

श्रीवर्धन,
१२ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांना रचनाचा नमस्कार.

“बाय, माझी पोर तुज्या डोल्यांसमोर बसायची. मंग ती नव्हती कशी?” भागुबाईंनी माझ्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं.

इकडे मी बरी आहे. आईनं पाठवलेले सुके बोंबील मिळाले. तुमचा खांदा कसा आहे? फोनवर हे बोलवणार नाही, म्हणून लिहिते.

भागुबाई म्हणजे नलूची आई. नलू माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, पहिल्या बाकावर. यंदा कॉलेजात मोबाईलवर हजेरी सुरू झाली. तास सुरू झाला की प्रत्येकानं आपल्या फोनवर ‘हजर’ दाबायचं. मुलांना ते शिकवलं मीच, फार उत्साहानं. आपली मुलं शहरातल्यांच्या मागे राहू नयेत, असं वाटायचं.

नलूच्या घरी फोन एकच. तो तिचा भाऊ अनंता होडीवर नेतो, वाऱ्याचा अंदाज बघायला. कोळ्याची मुलगी असून मला हे आधी सुचलं नाही. नलूनं सांगितलं तेव्हा मी म्हणाले, घरी बोलून काहीतरी सोय कर.

अनंतानं सोय केली. बहिणीचं वेळापत्रक पाठ केलं आणि जाळं ओढता ओढता, रेंज मिळेल तिथून ‘हजर’ दाबत राहिला. बहीण वर्गात आहेच, मग त्यात खोटं काय, असं त्याला वाटलं.

पण फोन कुठे आहे, हेही त्या अ‍ॅपला कळतं. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, “मॅडम, तुमची नलू आज पापलेटांच्या बाकावर बसलीय.” सगळे हसले. मीही हसले.

प्राचार्यांनी ती फसवणूक ठरवली आणि नलूची परीक्षा अडवली. नलू तासांना नसायची, असं माझ्याकडून लेखी मागितलं. जूनमध्ये माझी नेमणूक पुन्हा व्हायची होती. घरातली पहिली पदवीधर, पहिली मास्तरीण, म्हणून तुम्ही बंदरावर किती कौतुकानं सांगता.

बाबा, मी सही केली.

मंगळवारी परीक्षा सुरू झाली. नलू आता कोळंबी सोलायला जाते. परवा वाटेत भेटली, तर हात मागे लपवून “गुड मॉर्निंग, मॅडम” म्हणाली.

तिचं हे वर्ष परत येईल असं मला वाटत नाही. तरी आज सकाळी विद्यापीठाला पत्र टाकून आले: नलू रोज वर्गात होती, मी सही केलेलं खोटं आहे. त्याची प्रत प्राचार्यांच्या हातात दिली आणि कॉलेजातल्या माझ्या कपाटाची चावी कायमची परत केली.

तुमच्या रागाची वाट पाहणारी,
रचना