अण्णांचा ट्रक

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय लतिकाताई,

जितेशचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. नवं घर हवेशीर आहे. तू दिलेली सुकेळी अण्णा पुरवून पुरवून खातात. छोटीचा खोकला थांबला का?

ताई, एक गोष्ट तुझ्यापासूनही लपवली. घर हलवताना बोळिंजहून अण्णांचा बंद पडलेला ट्रक ट्रेलरवर चढवला, तो इथे पोचलाच नाही. कसारा घाटात ट्रेलर उलटला आणि ट्रक दरीत गेला. दृष्टी गेल्यापासून अण्णांचा सगळा जीव त्या ट्रकमध्येच होता. मला त्यांना सांगवलं नाही.

"ट्रक आला का रे?" असं ते रोज विचारायचे. शेवटी काल मी त्यांना शेजाऱ्यांच्या ट्रकजवळ नेलं आणि त्यांचा हात दारावर ठेवला. म्हटलं, "अण्णा, आला आपला ट्रक." दार, मडगार्ड, बॉनेट, सगळं त्यांनी सावकाश चाचपलं.

"बरं झालं," म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

घरी आल्यावर पाणी पिता पिता त्यांनी हळूच विचारलं, "ट्रेलरचा ड्रायव्हर तरी वाचला ना?"

वाचला, म्हणालो. त्यांनी उरलेलं पाणी संपवलं.

जमलं तर चार दिवस ये. मला एकट्याला त्यांच्यासमोर बसवत नाही. भाओजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा भाऊ,
जितेश