मेल सर्व्हरला शिस्त

सोमवार, ५. सकाळी ९.४०
आजपासून मेल सर्व्हरला शिस्त. सध्या कुठलाही प्रोग्रॅम कुठल्याही फोल्डरमध्ये डोकावतो. एखाद्यातून चोर शिरला तर सगळं घर मोकळं. मी पॉलिसी लिहिणार: ज्याने त्याने आपल्याच फोल्डरला हात लावायचा. विभागप्रमुखाची जागा निघाली आहे, शुक्रवारपर्यंत अर्ज. त्यात दाखवायला हे काम झकास.

संध्याकाळ
पॉलिसी तयार. सर्व्हरचं पुस्तक म्हणतं, आठवडाभर आधी नुसतं बघा, काय काय अडलं असतं त्या नोंदी वाचा, मगच खरोखर अडवा. हे नवशिक्यांसाठी असणार.

मंगळवार, ६
दहाला पॉलिसी लागू. साडेदहाला साहेबांना मेलने अर्ज. शेवटची ओळ फारच जमली: ‘माझ्या परवानगीशिवाय इथून एक मेलही हलणार नाही.’ शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी त्यांचा अर्ज छापून साहेबांच्या हातात दिला. कागदावर. कीव आली.

बुधवार, ७
तक्रारी शून्य. गोदामातले दोघं येऊन म्हणाले, मेल जात नाहीत. सांगितलं, तोंडी चालत नाही, मेलने लेखी कळवा. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. लोकांना नुसतं बोलायला हवं.

गुरुवार, ८
तक्रारी शून्य. पॉलिसीने काही अडवलं की मला आपोआप मेल येतो, तोही नाही. बायको म्हणाली, अहो, अर्ज पोचला का ते विचारून तरी बघा. म्हटलं, बरं दिसत नाही. उद्यापासून रोज अर्धा तास नोंदी वाचणार.

शुक्रवार, ९
नोंदी सोमवारपासून.
साहेबांनी जिन्यात विचारलं, तुम्हाला त्या जागेत रस नाही वाटतं? मनापासून हसलो. थट्टेखोर माणूस.

सोमवार, १२
जागा बाईंना मिळाली. अर्जच एक आला होता म्हणे.

दुपारी ३
नवीन प्रमुखांनी समोर बसवून नोंदी वाचायला लावल्या. मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला, जाणारे मेल जिथे रांगेत थांबतात त्या फोल्डरची परवानगी द्यायची माझ्याकडून राहून गेली होती. सहाशे तेरा मेल अडकलेले. त्यातल्या चाळीस माझ्याविरुद्धच्या तक्रारी. सगळ्यांच्या पुढे माझा अर्ज. फार वाईट वाटलं.
बाईंनी तो उघडून शेवटपर्यंत वाचला. म्हणाल्या, शेवटची ओळ मात्र अगदी खरी आहे हो.