खोलीत दोघी

३ मार्च
सकाळी विमान उतरलं. तपासणीची रांग लांब होती, पण माणसं नीट वागली. विलगीकरणाच्या हॉटेलात खोली चांगली मिळाली. मोठी खिडकी, दोन पलंग. दादाला फोन केला. आईला शवागारात ठेवलंय. तुझा अहवाल निगेटिव्ह आला की चेहरा बघ, मगच उरकू, म्हणाला. नेहमीसारखा उशीर केलास, आई असती तर झापलं असतं, असंही म्हणाला. बऱ्याच दिवसांनी हसले.

खाली कारकुनाने किती जण विचारलं, तेव्हा सवयीने दोघी म्हणून गेले. सगळे प्रवास आईबरोबरच केलेले. लगेच चूक सांगितली. तो म्हणाला, ताई, आता खोडायला बसलो तर तुमचा मुक्काम इथेच बाकावर.

५ मार्च
सिस्टरांनी दाराबाहेर नमुन्याच्या दोन नळ्या ठेवल्या. एकटीच आहे म्हटलं. दाराआडून म्हणाल्या, कॉम्प्युटरला दोघी दिसतात बाई, दोन नमुने गेल्याशिवाय अहवाल निघत नाही. मला आईचा चेहरा बघायचाय. घशातून काडी फिरवून दोन्ही नळ्या मीच भरल्या. एकीवर आईचं नाव घातलं.

एसी बंद होत नाही. बोटं गार पडतात.

७ मार्च
एक निगेटिव्ह, एक पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आईचा.
जेवणाचे दोन डबे येतात. दुसरा मी उघडत नाही. आज तो रिकामा होता.

८ मार्च
दुसऱ्या पलंगाची चादर चुरगळलेली. सिस्टर म्हणाल्या, आजींना सकाळीच सोडलं. गोड स्वभाव हो. जाताना सांगत होत्या, पोरीचे केस बघवत नाहीत.

९ मार्च
दादाला फोन केला. कोण, म्हणाला. मी नाव सांगितलं. तो रडायला लागला. अशी थट्टा करू नका, बहिणीला शवागारात ठेवलंय, आईची वाट बघत होतो, ती काल पोचली. मागून आईचा आवाज. फोन ठेव, पोरीला आणखी ताटकळत ठेवू नकोस—

१०
दार उघडत नाही. डबा नाही. भिंत पत्र्यासारखी गार. खिडकी होती तिथे—
तोंडातून वाफ येत नाही.

बाहेर पावलं. दादाचा खोकला ओळखू येतो. बरोबर ती आहे.
चेहरा बघतील. विस्कटलेले केस आईला चालत नाहीत. कंगवा सापडला. विंचरतेय. भांग सरळ